कीटकनाशकांच्या क्षेत्रात काम करायचंय? कृषी विभाग, दुकान आणि पेस्ट कंट्रोलचा परवाना : नवख्यांसाठी मार्गदर्शक

कृषीची पदवी किंवा पदविका हातात आली की बहुतेकांना दोनच वाटा दिसतात: एमपीएससीचा अभ्यास, नाहीतर शेती औषधांच्या कंपनीत सेल्सची नोकरी. त्यांच्या मधल्या बऱ्याच जागा कुणी नीट समजावून सांगत नाही. तपासणी करणारा निरीक्षक, नमुना तपासणारा विश्लेषक, कृषी सेवा केंद्र चालवणारा परवानाधारक, गोदामात धुरी देणारा (म्हणजे विषारी वायूने कीड मारणारा), ड्रोन उडवणारा, ही सगळी माणसं एकाच कायद्याच्या छत्राखाली काम करतात. तो कायदा म्हणजे कीटकनाशके अधिनियम, १९६८, आणि त्याखालचे १९७१ चे नियम.

मी कृषी पदवीनंतर आधी दुकान चालवलं, मग प्रशिक्षण घेऊन पेस्ट कंट्रोल आणि गोदामातल्या धुरीच्या कामात आलो. बरोबरची मुलं कृषी विभागात गेली. त्यामुळे या वाटांवर कुठे अडायला होतं ते जवळून बघितलंय. सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ एकाच कारणाने वाया जातो: नियमात कोणती पात्रता लिहिली आहे हे न बघता आधी कुठला तरी कोर्स केला जातो. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

१. आधी स्वतःची पात्रता कागदावर मांडा

एक कोरा कागद घ्या आणि लिहा: दहावी, बारावी, पदविका, पदवी. पदवी असेल तर विषय कोणते? विशेषतः रसायनशास्त्र होतं का? हा प्रश्न पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

कृषी पदवी, म्हणजे चार वर्षांची बी.एस्सी. कृषी, असेल तर जवळपास सगळी दारं उघडी आहेत. राज्यात ही पदवी चार कृषी विद्यापीठांकडून मिळते: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. साधी बी.एस्सी. असेल आणि त्यात रसायनशास्त्र असेल तरी प्रयोगशाळा, पेस्ट कंट्रोल आणि दुकान या तिन्ही वाटा चालतात. कृषी विभागातल्या अधिकारी पदांची परीक्षा मात्र देता येत नाही, कारण तिथे कृषी किंवा तिच्याशी संलग्न पदवीच लागते. कृषी पदविका असेल तर सहाय्यक कृषी अधिकारी पातळीची सरकारी भरती आणि दुकानाचा परवाना हे दोन्ही शक्य आहे.

फक्त दहावी-बारावी असेल तरी हा लेख सोडू नका. तुमच्यासाठीही वाट आहे, फक्त ती परवानाधारकाच्या हाताखालून किंवा ड्रोनवरून जाते.

इथला पहिला सापळा: "शासनमान्य" असं मोठ्या अक्षरात छापलेली पदविका. प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेला विचारा की ही पदविका कुठल्या विद्यापीठाची किंवा कुठल्या शासकीय संस्थेची, आणि त्याचं पत्र दाखवा. त्यानंतर तेच नाव घेऊन जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयाच्या गुण नियंत्रण शाखेत, म्हणजे बियाणं, खतं, औषधं यांचा दर्जा बघणाऱ्या शाखेत, जा आणि परवान्यासाठी ही चालते का ते विचारा. एका फेरीत उत्तर मिळतं.

२. कृषी विभागातली वाट

"कीटकनाशक निरीक्षक" अशी वेगळी जाहिरात निघेल म्हणून वाट बघणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. ती जाहिरात निघत नाही. कायद्याच्या कलम २० नुसार राज्य शासन अधिसूचना काढून आपल्याच अधिकाऱ्यांना निरीक्षकाचे अधिकार देतं. म्हणजे तुम्ही आधी कृषी अधिकारी होता, आणि पदस्थापना जिथे होईल तिथे गुण नियंत्रणाचं काम तुमच्याकडे येतं. तालुक्यात, जिल्ह्यात, विभागात आणि पुण्याच्या कृषी आयुक्तालयात अशी निरीक्षकांची उतरंड असते. जिल्हा परिषदेकडेही कृषी विकास अधिकारी आणि पंचायत समितीचे कृषी अधिकारी हे काम बघतात.

आत शिरायचे दरवाजे तीन.

एक, एमपीएससीची महाराष्ट्र कृषी सेवा. तिच्यातून कृषी उपसंचालक, तालुका कृषी अधिकारी आणि गट ब मधले कृषी अधिकारी निवडले जातात. पूर्व परीक्षा आता राज्यसेवेबरोबर संयुक्त असते, मुख्य परीक्षा कृषीची वेगळी. पूर्वपरीक्षेसाठी इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था हे सगळं करावंच लागतं. फक्त कृषीच्या नोट्स घेऊन बसलेली हुशार मुलं इथेच गळतात.

दोन, कृषी सेवक भरती. सुरुवातीची वर्षं ठरावीक मानधनावर कृषी सेवक, त्यानंतर नियमित पद. ज्याला आपण वर्षानुवर्षं कृषी सहाय्यक म्हणत आलो, ते पद २०२५ पासून सहाय्यक कृषी अधिकारी या नावाने ओळखलं जातं, आणि कृषी पर्यवेक्षकाचं नाव उप कृषी अधिकारी झालं. जुनी पुस्तकं आणि जुन्या जाहिराती वाचताना हा बदल लक्षात ठेवा.

तीन, जिल्हा परिषदेची विस्तार अधिकारी (कृषी) ही भरती. तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, आणि म्हणूनच सांगतोय.

कागदपत्रं तयार ठेवा: सर्व सत्रांची गुणपत्रकं, पदवी प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र, जात आणि जात वैधता प्रमाणपत्र, चालू वर्षाचं नॉन क्रिमिलेयर, शाळा सोडल्याचा दाखला, नावात बदल असेल तर राजपत्र. जात वैधतेला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो. जाहिरात येण्याची वाट न बघता अर्ज टाका.

३. निरीक्षकाचं काम प्रत्यक्षात कसं असतं

परीक्षेच्या तयारीत कुणी हे सांगत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो.

खरीप तोंडावर आला की भरारी पथकं निघतात. निरीक्षक दुकानात येतो तेव्हा आधी भिंतीवरचा परवाना बघतो, मग भावफलक आणि साठा फलक. त्यानंतर साठा नोंदवही उघडतो आणि रॅकवरच्या बाटल्यांशी ताळा करतो. एखाद्या बॅचचा संशय आला किंवा ठरलेल्या कोट्यातला नमुना घ्यायचा असला, तर नमुना काढण्याची कारवाई सुरू होते. विहित नमुन्यात लेखी सूचना दुकानदाराच्या हातात द्यायची. नमुन्याचे तीन भाग करायचे. छोट्या पॅकिंगमध्ये असेल तर त्याच बॅचच्या तीन मूळ बाटल्या घ्यायच्या. प्रत्येकावर चिठ्ठी, दोरा, लाख, शिक्का. दुकानदाराला स्वतःचाही शिक्का लावता येतो. एक भाग दुकानदाराकडे, एक विश्लेषकाकडे, एक न्यायालयासाठी जपून ठेवायचा. चिठ्ठीवरचा बॅच नंबर आणि पंचनाम्यातला बॅच नंबर यांत एका आकड्याचा फरक पडला तरी नंतर खटल्यात वकील तिथेच बोट ठेवतो. म्हणून चांगला निरीक्षक लाख वितळवण्याआधी तो नंबर मोठ्याने वाचून घेतो, आणि दुकानदाराकडूनही वाचून घेतो.

विश्लेषकाने अहवाल ३० दिवसांत द्यायचा असतो. अहवाल नापास आला आणि दुकानदाराला किंवा कंपनीला तो मान्य नसेल, तर अहवाल मिळाल्यापासून २८ दिवसांत लेखी कळवून त्याला आव्हान देता येतं. मग न्यायालयाच्या आदेशाने नमुना फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक प्रयोगशाळेकडे जातो. निरीक्षकाला विक्री थांबवण्याचाही अधिकार आहे, पण तो जास्तीत जास्त ३० दिवसांचा.

या कामात दडपण असतं. एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला दुकानदार, आणि मध्ये तो शेतकरी ज्याची एका फवारणीची संधी गेली की हंगाम गेला. मला हे काम फार मोलाचं वाटतं. राज्य शासनाकडे कलम २७ चा अधिकार आहे: माणसांना किंवा जनावरांना धोका दिसला तर चौकशी होईपर्यंत ६० दिवसांसाठी एखाद्या औषधाची विक्री आणि वापर थांबवता येतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रीन आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड यांच्या ठरावीक उत्पादनांवर ६० दिवसांची बंदी आली. कायद्याचं पुस्तक वाचताना कंटाळा आला तर यवतमाळची ही घटना आठवा. प्रत्येक कलमामागे अशीच माणसं आहेत.

४. प्रयोगशाळेतली वाट

राज्याच्या कीटकनाशक चाचणी प्रयोगशाळा पुणे, ठाणे, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. विश्लेषक म्हणून नेमणूक व्हायला कृषी पदवी किंवा रसायनशास्त्रासह विज्ञान पदवी, आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कीटकनाशक विश्लेषणाचं प्रशिक्षण लागतं. सरकारी जागा कमीच निघतात. पण पिकात उरलेले औषधाचे अंश तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळांना माणसं हवी असतात, कारण नाशिक-सांगलीच्या निर्यात द्राक्षांचा नमुना तपासल्याशिवाय माल बाहेर जात नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपात भारतीय द्राक्षं अडकली होती. त्या हंगामात बागायतदारांनी काय सोसलं ते नाशिक भागात आजही सांगतात. हे अंश मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्रावर हात बसलेला पदवीधर त्या पट्ट्यात रिकामा बसत नाही.

५. कृषी सेवा केंद्राचा परवाना

बियाणं, खत आणि कीटकनाशक यांचे परवाने वेगवेगळे असतात. बियाण्यांचा १९८३ च्या आदेशाखाली, खतांचा १९८५ च्या आदेशाखाली, आणि औषधांचा १९६८ च्या कायद्याखाली. आपण इथे तिसऱ्याबद्दल बोलतोय.

पात्रतेसाठी कृषी पदवी, किंवा रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र अशा विषयांसह विज्ञान पदवी, जैवतंत्रज्ञान किंवा जीवशास्त्राशी निगडित पदवी, नाहीतर किमान एक वर्षाची कृषी किंवा उद्यानविद्येची मान्यताप्राप्त पदविका. आधीपासून दुकान चालवणाऱ्यांसाठी हैदराबादच्या मॅनेज या कृषी विस्तार संस्थेचा देसी नावाचा ४८ आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. तो बाजारच्या सुट्टीच्या दिवशी भरतो, त्यामुळे दुकान बंद ठेवावं लागत नाही. नागपूरची वनामती ही प्रशिक्षण संस्था आणि जिल्ह्यातली आत्मा ही कृषी विस्तार यंत्रणा त्याची व्यवस्था बघते. जुन्या परवानाधारकांसाठी कीटकनाशक व्यवस्थापनाचा १२ आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही कृषी विज्ञान केंद्रांतून चालतो. नवीन माणसाने मात्र "१२ आठवड्यांत परवाना" या जाहिरातीवर पैसे घालू नयेत; तो अभ्यासक्रम जुन्या विक्रेत्यांची सोय म्हणून आला आहे.

अर्ज ऑनलाइन करायचा असतो. सोबत हे जोडावं लागतं:

- आधार, पॅन, फोटो
- पदवी किंवा पदविकेचं प्रमाणपत्र आणि गुणपत्रक
- जागेचा पुरावा: स्वतःची असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा मालमत्ता पत्रक, भाड्याची असेल तर नोंदणीकृत भाडेकरार
- दुकान आणि गोदामाचा चतुःसीमेसह नकाशा
- ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचं ना हरकत प्रमाणपत्र
- शॉप ॲक्ट नोंदणी, जीएसटी क्रमांक
- ज्या कंपन्यांचा माल विकणार त्यांचं प्रिन्सिपल सर्टिफिकेट, म्हणजे आपण ज्याला पीसी किंवा उगम प्रमाणपत्र म्हणतो ते
- शुल्क भरल्याची पावती

सगळ्यात जास्त गडबड पीसीमध्ये होते. कंपनीचा माणूस येतो, "माल ठेवा, पीसी मागाहून देतो" म्हणतो, आणि नवा दुकानदार हंगामाच्या घाईत ठेवतो. ते उत्पादन परवान्यात नोंदलेलं नसेल तर तपासणीत थेट विक्री बंद आदेश लागतो, आणि माल तुमच्या पैशाचा अडकतो. पीसी हातात, परवान्यात नोंद, मगच माल उतरवायचा. पीसीची मुदत कधी संपते हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट जागेची. ज्या इमारतीत माणसांच्या किंवा जनावरांच्या खाण्याचा माल ठेवला किंवा विकला जातो, तिथे कीटकनाशक ठेवायला नियमानेच मनाई आहे. खेड्यात किराणा आणि पशुखाद्याच्या शेजारी औषधाचं कपाट ठेवण्याची सवय आहे. ती मोडावी लागेल. गोदाम वेगळ्या जागी असेल तर त्याचा पत्ताही परवान्यावर आला पाहिजे.

तिसरी गोष्ट बिलाची. प्रत्येक विक्रीला बिल, बिलावर बॅच नंबर आणि मुदत संपण्याची तारीख. गिऱ्हाईक ओळखीचं असलं, उधारीवर नेत असलं तरीही. कायद्याच्या कलम ३० मध्ये विक्रेत्याला एक संरक्षण दिलेलं आहे: माल परवानाधारकाकडूनच घेतला, तो नीट साठवला, आहे त्याच स्थितीत विकला, आणि त्यात खोट आहे हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, हे दाखवता आलं तर दोष कंपनीकडे जातो. हे दाखवायचं कशाने? खरेदीच्या आणि विक्रीच्या बिलांनी. बिल नसेल तर ते संरक्षणही नाही.

युरियाच्या गोणीबरोबर नको असलेलं औषध गळ्यात मारणं, म्हणजे लिंकिंग, याबद्दल मी इतकंच सांगेन की वरून दबाव आला तरी तुमच्या काउंटरवर ते करू नका. तक्रार शेवटी तुमच्या परवान्यावर येते, आणि शेतकऱ्याचा विश्वास एकदा गेला की तो शेजारच्या गावात जाऊन माल घेतो.

भांडवल नसलेल्या कृषी पदवीधरांसाठी केंद्राची ॲग्री क्लिनिक योजना २००२ पासून आहे. ४५ दिवसांचं निवासी प्रशिक्षण मोफत मिळतं, आणि त्यानंतर बँकेचं कर्ज मंजूर झालं तर नाबार्डमार्फत ३६ टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना ४४ टक्के अनुदान. प्रशिक्षण झालं म्हणजे कर्ज मिळालंच असं नाही. प्रकल्प अहवाल घेऊन बँक व्यवस्थापकाला प्रशिक्षण चालू असतानाच भेटायला सुरुवात करा.

६. पेस्ट कंट्रोल आणि धुरीचा परवाना

गावात शेजाऱ्याच्या शेतात फवारणीला जाणाऱ्या मजुराला वैयक्तिक परवाना काढावा लागतो, असं आपल्याकडे नाही. पण पैसे घेऊन व्यवसाय म्हणून घर, दवाखाना, हॉटेल, गोदाम किंवा शेत यात कीड नियंत्रण करायचं असेल, तर नियमांच्या भाषेत ते व्यावसायिक कीड नियंत्रण होतं आणि त्याला परवाना लागतो. बॅटरी पंप, दोन लिटर औषध आणि व्हिजिटिंग कार्ड एवढ्या बळावर वाळवीची कामं घेणारे शहरात पुष्कळ आहेत. एखाद्या घरात विषबाधा झाली तर परवाना नसलेल्या माणसाकडे उभं राहायला जागाच नसते.

पात्रता: कृषी पदवी, किंवा रसायनशास्त्रासह विज्ञान पदवी, आणि किमान १५ दिवसांचं प्रशिक्षण. प्रशिक्षण कुठलंही चालत नाही. नियमात संस्थांची नावं आहेत: म्हैसूरची सीएफटीआरआय ही अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, हापूडची धान्य साठवण संस्था, आणि हैदराबादची राष्ट्रीय वनस्पती संरक्षण संस्था, जिला आता एनआयपीएचएम म्हणतात. शहरातल्या खासगी अकादमीचं चकचकीत प्रमाणपत्र नोकरी शोधताना दाखवायला ठीक असेल, परवान्याच्या अर्जाला ते लागू पडत नाही. या संस्थांचं वर्षाचं वेळापत्रक आधी जाहीर होतं आणि जागा मोजक्या असतात, तेव्हा तारखा बघून आधीच नाव नोंदवा. पदवी प्रमाणपत्राबरोबर गुणपत्रकही न्या, कारण रसायनशास्त्र विषय होता हे तिथूनच कळतं.

झुरळ-वाळवीच्या कामापेक्षा धुरीचं काम वेगळं आहे, आणि त्याचे नियमही कडक आहेत. ॲल्युमिनियम फॉस्फाइड आणि मिथाइल ब्रोमाइड ही निर्बंधित रसायनं आहेत. त्यांच्यासाठी राज्याच्या परवान्याबरोबर भारत सरकारच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांची मान्यता लागते. ते कार्यालय फरिदाबादला आहे. या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. एक झाली की काम सुरू, असं समजून करार घेऊ नका.

या कडक नियमांचं कारण ती गोळी हाताळली की कळतं. ३ ग्रॅमची फॉस्फाइडची गोळी हवेतल्या ओलाव्याला लागली की १ ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. थप्पीवर जाड आवरण टाकायचं, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबायच्या, दार-खिडक्यांच्या फटी कागदपट्टीने बंद करायच्या, बाहेर धोक्याचा फलक लावायचा, आणि ठरलेले दिवस कुणालाही आत सोडायचं नाही. उघडल्यावर हवा खेळवायची आणि वायुमापकाने तपासूनच आत जायचं. फॉस्फिनवर उतारा नाही. "वास येत नाही, म्हणजे गेला वायू" असं म्हणणाऱ्या गोदाम मालकाचं ऐकू नका. मापक काय दाखवतो तेच खरं. राहत्या घरात, धान्याच्या कोठीत या गोळ्या टाकायला कुणी बोलावलं तर सरळ नाही म्हणा.

या कामाला मागणी कुठे आहे? धान्य आणि डाळींची गोदामं, साखर आणि मसाल्याचे निर्यातदार, आणि सगळ्यात जास्त न्हावा शेवा बंदर. निर्यातीच्या मालाला धुरी द्यायची असेल तर वनस्पती संरक्षण संचालनालयाची वेगळी मान्यता घ्यावी लागते. लाकडी पॅलेट आणि खोक्यांनाही प्रक्रिया करावीच लागते: लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं, नाहीतर मिथाइल ब्रोमाइड. त्यानंतर त्यावर शिक्का उमटवतात. एकट्याने सुरू करण्यापेक्षा आधी एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेत तंत्रज्ञ म्हणून दोन-तीन हंगाम काढा असं माझं स्पष्ट मत आहे. धुरीचं काम पुस्तकातून येत नाही.

पदवी नसलेल्यांनी इथेच बघावं. परवानाधारकाच्या देखरेखीखाली ऑपरेटर म्हणून काम करता येतं, आणि कृषी कौशल्य परिषदेचा फवारणी करणाऱ्यांसाठीचा अभ्यासक्रमही आहे. नोकरी धरताना मालकाला दोन गोष्टी विचारा: मास्क, हातमोजे, बूट, चष्मा कोण देणार, आणि रक्ततपासणी कधी होते. सेंद्रिय फॉस्फरस आणि कार्बामेट गटातली औषधं हाताळणाऱ्यांच्या रक्तातली कोलिनेस्टरेज या विकराची पातळी महिन्यातून एकदा तपासावी असं नियमातच आहे. फार थोडे मालक हे करतात. विचारायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

७. ड्रोन

इथे दहावी उत्तीर्ण, वय १८ ते ६५, आणि डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या केंद्रातून रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. ते १० वर्षं चालतं. ड्रोन विकणाऱ्याने खरेदीबरोबर दिलेलं दोन दिवसांचं "ट्रेनिंग सर्टिफिकेट" म्हणजे पायलट प्रमाणपत्र नव्हे. बचत गटातल्या महिलांसाठी नमो ड्रोन दीदी योजनेत ८० टक्क्यांपर्यंत, कमाल ८ लाख रुपयांचं साहाय्य आहे.

ड्रोन उडवायला शिकणं सोपं आहे. अवघड आहे ते औषधाचं प्रमाण. पंपाला जिथे एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं तिथे ड्रोन दहा लिटरच्या आसपास पाण्यात काम करतो, म्हणजे द्रावण खूप तीव्र असतं. शेजारच्या शेतात ते वाऱ्याने गेलं तर पीक जळतं, रेशीम उत्पादकाची तुती असेल तर अळ्या मरतात. त्यामुळे वाऱ्याचा वेग आणि शेजारच्या शेतात काय आहे हे बघूनच उडवायचं.

८. कुठलीही वाट घ्या, लेबल वाचायला आधी शिका

बाटलीवरच्या चौकोनातला रंग विषारीपणा सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि शेवटी हिरवा. हे बहुतेकांना माहीत असतं. लेबल क्लेम मात्र फार थोडे वाचतात. केंद्राच्या कीटकनाशक नोंदणी समितीने ते औषध कुठल्या पिकावर, कुठल्या किडीसाठी, किती मात्रेत मंजूर केलं, आणि फवारणीनंतर किती दिवस काढणी करायची नाही, हे सगळं सोबतच्या पत्रकात असतं. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासूनच बंदी होती, तरी वांग्याच्या शेतात त्याच्या बाटल्या दिसायच्या, कारण दुकानदाराने दिलं आणि शेतकऱ्याने मारलं.

सरावासाठी एक करा. जवळच्या कृषी सेवा केंद्रातून तुमच्या भागातल्या मुख्य पिकाच्या पाच औषधांची पत्रकं मागून घ्या. प्रत्येकाचा घटक, रंग, मंजूर पीक, मंजूर कीड, मात्रा, काढणीपूर्व दिवस आणि विषबाधेवरचा उपचार असा तक्ता वहीत हाताने लिहा. द्राक्ष असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची मंजूर औषधांची यादीही सोबत ठेवा. ती वेळोवेळी बदलते, त्यामुळे चालू हंगामाचीच घ्या. एमपीएससीच्या मुलाखतीत, परवान्याच्या तपासणीत आणि शेतकऱ्याच्या बांधावर प्रश्न याच सात रकान्यांतले येतात.